चौतिसाची पेटी

माझे सासरे सबवूफरच्या पेट्या बनवायचे. गल्लीत त्यांना तोंडावर सगळे 'काका' म्हणत आणि पाठ वळली की 'वजाबाकी'. कारण पेटी कोणाचीही असो, समोर आली की यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पोटातली वजाबाकी केलीस का?" चहावालासुद्धा कप ठेवताना म्हणायचा, "काका, साखर वजा केलीय." ते हसायचे नाहीत. हसणं त्यांच्या तब्येतीला मानवत नसावं.

ही वजाबाकी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते. मोठी बाटली खालच्या सुरात, लहान वरच्या. भोक असलेली सबवूफरची पेटी म्हणजे चौकोनी बाटलीच. भोकातून आत एक पाइप गेलेला असतो. पेटीत हवा किती, पाइप रुंद किती, लांब किती, यावर तिचा एक सूर ठरतो आणि तो आकड्यात मोजतात. चौतीस म्हणजे सेकंदाला चौतीस हेलकावे, कानाआधी पोटाला कळेल असा खर्ज. हवा कमी झाली की सूर वर चढतो, पाइप लांब केला की खाली येतो. आणि हवा मोजायला बाहेरून फूटपट्टी लावून भागत नाही. आतला पाइप जागा खातो, स्पीकरचं लोहचुंबक खातं, आधाराच्या पट्ट्या खातात. ते सगळं वजा करून जे उरेल ती पेटीची खरी हवा. नवशिके नेमकं हेच विसरतात.

तयार पेटी तपासायची सासऱ्यांची स्वतःची रीत होती. पेटी आडवी, स्पीकर आभाळाकडे. त्याच्या काळ्या पडद्यावर चिमूटभर लाकडाचा भुसा भुरभुरायचा. मग यंत्रातून एकच सूर सोडायचा आणि आकडा हळूहळू वर न्यायचा. वीस, बावीस, पंचवीस. भुसा थयथय नाचतो. नाचता नाचता एका आकड्याला तो गपकन बसतो, कारण पडदा जवळजवळ थांबलेला असतो. आवाज मात्र थांबत नाही, उलट खोली भरून टाकतो, आणि तो सगळा भोकातून येतो. भोकापुढे हात धरला तर वारं लागतं. तोच पेटीचा आकडा.

"पडदा थांबला की भोक बोलतं," सासरे म्हणायचे.

लग्न होऊन आले तेव्हा हे पहिल्यांदा बघितलं आणि अंगावर काटा आला. हलताना काही दिसत नाही आणि रिकाम्या भोकातून कोणी बोलल्यासारखं येतंय. मी म्हटलं, "बाबा, हे काही बरं दिसत नाही." ते म्हणाले, "बघायचं कशाला, ऐकायचं." असं त्यांचं बोलणं. एक शब्द जास्त नाही.

घर तीन खोल्यांचं. पुढे दुकान, मध्ये कापायची खोली, मागे आम्ही राहायचो. सासूबाई मी येण्याआधीच गेलेल्या. सासरे आणि नवरा प्लाय कापायचे, जोडायचे, मी पेट्यांना बाहेरून कार्पेट चिकटवायची. चिकटवायच्या सोल्युशनचा वास केसांत जाऊन बसायचा, धुऊन जायचा नाही. कापायच्या खोलीत एका फळीवर पाच पाच लिटरचे पाण्याचे कॅन रांगेत असायचे, तोंडापर्यंत भरलेले. ते प्यायचे नव्हेत. हीच पेटी जरा लहान केली तर कशी लागेल, एवढं बघायला नवी पेटी कोण बनवत बसणार? स्पीकर काढायचा, आत एकदोन कॅन टेपने चिकटवायचे, स्पीकर बसवून मोजायचं. तेवढी हवा कमी झाल्यासारखीच. काम झालं की कॅन परत फळीवर.

माझा नवरा बापाच्या अगदी उलटा. बडबड्या. आवाज मात्र असा खोल की फोनवर लोक विचारायचे, मोठे साहेब बोलतायत का. त्याला पेटीचा सूर गळ्यातून काढायची खोड होती. चौतीस कुठल्या माणसाच्या गळ्यातून निघणार? पण त्याच्या दुप्पट, अडुसष्ट, एवढा खर्ज तो लावायचा. काम करताना ओठ मिटून गुणगुणायचा आणि कार्पेट चिकटवत असलेल्या माझ्या तळहाताला पेटीची फळी किंचित थरथरताना लागायची. मी म्हणायची, "पुरे, हाताला मुंग्या आल्या." मग तो मुद्दाम आणखी लावायचा.

आता तो दिवस सांगते.

नाचाच्या क्लासच्या बाईंची एक पेटी तयार झाली होती. साठ लिटर हवा, चौतीसचा सूर, सगळा हिशोब नवऱ्याचा. सकाळी सासऱ्यांनी पेटी मोजायला घेतली. भुसा चौतीसला बसला नाही. पस्तीस, छत्तीस, तरी नाचतोच आहे. सदतीसला बसला.

"वजाबाकी विसरलास," सासरे म्हणाले.

"नाही विसरलो. पाइप, चुंबक, पट्ट्या, सगळं वजा केलंय."

"साठाची पन्नास झालीय. दहा लिटर म्हणजे बरोबर तेवढंच. पाइप, चुंबक आणि पट्ट्या."

"बाबा, केलंय म्हणतो ना."

"मग पेटी खोटं बोलते का? माणूस खोटं बोलेल, पेटी नाही बोलत. जा, लांब पाइप घेऊन ये. चार बोटं जास्त पाहिजे."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले, या बापलेकांच्या मध्ये कोण पडणार. तो दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "आणतो. पण माझा हिशोब बरोबर निघाला तर बाबांनी 'बरोबर आहे' म्हणायचं. आयुष्यात एकदा. तू साक्षीदार." आणि स्कूटर काढून गेला.

पाइप घेऊन येताना मोठ्या रस्त्याच्या वळणावर ट्रकने त्याला उडवलं. पाइप शाबूत होता. पोलिसांनी त्याच्या सामानाबरोबर तोही दिला, एका टोकाला दुकानदाराची चिठ्ठी चिकटवलेला.

त्या गडबडीत क्लासच्या बाई पेटी घेऊन गेल्या. त्यांना बिचाऱ्यांना दोष नाही, कार्यक्रम होता आणि शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं. टेम्पोवाला पेटी उचलताना म्हणाला, "काय दगड भरलेत का यात?" ते वाक्य माझ्या कानावर पडलं. पण त्या दिवसात माझ्या कानावर पडलेलं डोक्यापर्यंत पोचत नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षं मी त्याच घरात राहिले. आई म्हणाली, ये इकडे. भाऊ न्यायला आला. मी गेले नाही. सासऱ्यांना भात लावता येत नव्हता आणि मला कुणाच्या दारात पाहुणी म्हणून बसणं जमणार नव्हतं, एवढंच कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण ती पेटी. त्याचा हिशोब चुकला असेल तर पाइप लागणारच होता, तो गेला ते कामासाठी गेला. आणि बरोबर असेल तर तो उगीच गेला. ज्या पाइपची गरजच नव्हती त्या पाइपसाठी. हे दोन विचार आलटून पालटून माझ्या उशाशी येऊन बसायचे. तो चुकला असं म्हणवत नव्हतं आणि तो उगीच गेला हेही सोसत नव्हतं. क्लास दोन गल्ल्या सोडून होता. कधीही जाऊन पेटी उघडून बघता आली असती. गेले नाही. भीती वाटायची.

सासऱ्यांनी तर तोंडाला कुलूपच लावलं. तो पाइप त्यांनी कापायच्या खोलीच्या दारामागे उभा केला. आत जाताना त्याला बोटं लावायची, बाहेर येताना लावायची. पाण्याचे कॅन सगळ्यात वरच्या फळीवर गेले आणि पुढे जुनी चादर लागली. मी एकदा झाडताना चादर सरकवली तर सासरे असे अंगावर आले की मी केरसुणी टाकून मागे निघून गेले. दोन दिवस आमचं बोलणं बंद. नंतर कोणाला लहान पेटी कशी वाजेल बघायची असली तर हे नवी बनवायचे, पण कॅन काढायचे नाहीत. म्हटलं, म्हातारपण. जित्याची खोड.

मी हळूहळू हिशोब शिकले. नवऱ्याच्या जागी कोणीतरी उभं राहायला हवं होतं आणि सासऱ्यांचे कानही गेले होते. आयुष्यभर खर्ज ऐकून त्यांना वरचं ऐकू येईना, खालचं मात्र तळहाताने कळायचं. ते पेटी मोजत असले की मी मागे स्वयंपाकघरात असायची. भिंतीतून सूर वर चढत यायचा आणि मी हातातलं काम सोडून थांबायची. चौतीसच्या आसपास कपाटाची काच थरथरायची, तवा खुंटीवर किणकिणायचा, आणि मला वाटायचं पलीकडे तो ओठ मिटून गुणगुणतोय. दरवेळी वाटायचं. मी वेडी नव्हते, काच का थरथरते ते मला माहीत होतं. तरी एकदा मी हात पुसत त्या खोलीच्या दारापर्यंत गेलेच. सासरे पेटीवर ओणवे होऊन भोकापाशी कान लावून बसले होते. भुसा कधीच बसला होता. आकडा कधीच मिळाला होता. ते उठत नव्हते. मी पाय न वाजवता परत फिरले.

आणि मग एक दिवस दुपारी क्लासच्या बाई पेटी घेऊन दारात.

"हिला जरा बघा," त्या म्हणाल्या. "आतून कोणी दार ठोठावल्यासारखं होतं. गाणं खाली गेलं की टक, टक. आधी वाटायचं पायांचा आवाज आहे. आता पोरी क्लासला यायला तयार नाहीत. म्हणतात पेटीत कोणीतरी आहे."

"नाचता येईना, पेटी वाकडी," मी म्हटलं. नेहमीचा वात्रटपणा तोंडातून निघून गेला. पण बाई हसल्या नाहीत आणि मागे सासरे उभे होते ते मटकन स्टुलावर बसले.

"बाहेरच ठेवा," ते म्हणाले. "आम्ही जुन्या पेट्या घेत नाही."

"काय बोलता बाबा? आपलीच पेटी आहे."

"नको म्हटलं ना."

तेव्हा मला राग आला. माझा राग नाकावर असतो, सगळी गल्ली जाणते, पण हा वेगळा होता. सहा वर्षांचा होता. मी टेम्पोवाल्याला म्हटलं, "आत घ्या, मधल्या खोलीत." तो उचलताना कण्हला. बाईंना सांगितलं, उद्या फोन करते. दार लावून घेतलं.

मी पेटी आडवी केली. कार्पेट मीच चिकटवलेलं, एका कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा सोल्युशनचा डाग अजून होता. तारा जोडल्या. पडद्यावर भुसा टाकला. सासरे दारात उभे, हात त्या पाइपवर. सूर सोडला. तिसाच्या पुढे गेल्यावर आतून टक झालं. मग पुन्हा टक. चौतीस आला, भुसा नाचत होता. पस्तीस. छत्तीस. सदतीसला बसला.

"बघ," सासरे म्हणाले. "वजाबाकी."

मी फूटपट्टी घेतली. पेटी बाहेरून मोजली, प्लायची जाडी काढली. भोकात पट्टी घालून पाइपची लांबी घेतली. तसाच स्पीकर दुकानात होता, त्याचं मागचं पोट मोजलं. नवरा पट्ट्या कशा लावायचा ते मला माहीत होतं, माझ्यासमोर लावायचा. सगळं वजा केलं. साठ उरले. पुन्हा केलं. पुन्हा साठ. साठ लिटर, एवढा पाइप, सूर चौतीस.

"बाबा, कागद चौतीस म्हणतो. पेटी सदतीस म्हणते. पेटी खोटं बोलत नाही, तुम्हीच सांगता. मग आतली दहा लिटर जागा कोणी खाल्ली?"

मी स्क्रूड्रायव्हर उचलला.

"उघडू नकोस," ते म्हणाले.

"का?"

"मला माहीत आहे आत काय आहे."

मी थांबले. ते भिंतीला धरून खाली बसले आणि त्यांनी वर फळीकडे बोट केलं. "चादर काढ."

स्टुलावर चढून चादर ओढली. कॅन होते. धूळ पुसलेले, तोंडापर्यंत भरलेले. चार.

"सहा होते," सासरे म्हणाले. "आदल्या दिवशी क्लासच्या बाईंचा फोन आला. जिन्याखाली मावेल अशी आणखी एक लहान पेटी हवी होती त्यांना. मी त्याच्या पेटीत दोन कॅन चिकटवले, बघावं म्हटलं पन्नासात कशी लागते. स्पीकर बसवला आणि वीज गेली. वीज आली तोवर मी दुसऱ्याच कामाला लागलो होतो. सकाळी डोक्यातून साफ गेलं. सगळ्या जगाला वजाबाकी विचारत फिरलो, आणि माझं मलाच वजा करायचं राहिलं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याला पोचवून घरी आलो. इथेच येऊन बसलो. समोर फळी होती."

म्हणजे पहिल्या दिवसापासून. सहा वर्षं मी त्यांच्यासमोर ताट ठेवत होते, त्यांच्या औषधाच्या वेळा सांभाळत होते, आणि पलीकडच्या खोलीत पडून विचार करत होते की माझा नवरा हिशोबात कच्चा होता का. आणि या माणसाला माहीत होतं. मी म्हटलं, "एका शब्दाने सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी तरी." मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज अगदी हळू निघाला.

"तू गेली असतीस," ते म्हणाले. "तूही गेली असतीस. मग या घरात मी आणि ते चार कॅन."

मी स्क्रू काढायला लागले. एकेक काढून बाजूला ठेवला. स्पीकर उचलला. आतून बंद लाकडाचा वास आला, सहा वर्षांपूर्वीच्या त्या खोलीचा. आत हात घातला. एक कॅन जागेवर चिकटलेला, दुसऱ्याची टेप वाळून सुटली होती आणि तो पाइपला टेकला होता. तोच ठोठावत होता. टेपचं टोक दुमडलेलं होतं. सासरे टेप लावताना टोक असं दुमडतात, पुढच्या वेळी नखाने शोधावं लागू नये म्हणून. दोन्ही कॅन मी काढले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले.

त्यांनी कॅनला हात लावला नाही. "आता जाशील?" त्यांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं आणि त्यांना तिथे जमिनीवर तसं टाकून उठवतही नव्हतं. मी म्हटलं, "आधी पेटी बंद करायचीय. स्क्रू द्या."

ते सरकत पुढे आले. एकेक स्क्रू माझ्या हातात देत गेले. देताना त्यांची बोटं माझ्या तळहाताला लागत होती, गार. शेवटचा स्क्रू आवळला. पडद्यावर नवा भुसा टाकला आणि सूर सोडला. वीस. पंचवीस. तीस. आतून टक झालं नाही. बत्तीस. मागे स्वयंपाकघरात कपाटाची काच थरथरायला लागली. तेहतीस.

चौतीसला भुसा बसला. एक कणही हलेना. पडदा थांबला आणि भोकातून तो खोल आवाज यायला लागला. त्याचा. मला माहीत होतं की हवा आहे, पाइप आहे, हिशोब आहे. तरी त्याचाच.

सासऱ्यांनी भोकावर तळहात धरला. वारं लागलं असणार, कारण त्यांचा चेहरा पार मोडला. मग ते ओणवे झाले, तोंड भोकाजवळ नेलं आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणालात?"

"बरोबर आहे म्हटलं," ते म्हणाले. "त्याला म्हटलं, बरोबर आहे तुझं."

"मग मोठ्याने म्हणा," मी म्हटलं. "मी साक्षीदार आहे."

ते मोठ्याने म्हणाले. पुन्हा म्हणाले. मी बटणावर हात ठेवून बसले होते, पण त्यांचं म्हणून होईपर्यंत मी सूर बंद केला नाही.